टाकीचं स्टँड आणि वेल्डिंगची नवी बॅच : वर्कशॉपच्या नोंदी

१६ जून

इंडस्ट्रियल टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाची पोरं आजपासून वेल्डिंग शॉपला आली. १८ जण, त्यात ४ मुली. तिघांनी याआधी होल्डर (रॉड धरायचा चिमटा) हातात धरलाय, बाकीच्यांनी ठिणग्या फक्त लांबून बघितल्यात. दरवर्षी कसं होतं, पट्ट्या द्यायच्या, त्यावर रन (वेल्डच्या रेघा) मारून घ्यायचे, जर्नलला सही आणि जॉब भंगारात. यावेळी तसं करायचं नाही असं ठरवलंय. हॉस्टेलच्या मागं १००० लिटरची प्लास्टिकची टाकी विटांच्या कट्ट्यावर बसवलीय, प्रेशर येत नाही म्हणून पोरं बादल्या उचलून नेतात. तिच्यासाठी लोखंडी स्टँड हीच बॅच करणार. वर एक टन पाणी राहणार आणि खालून त्यांचेच मित्र ये-जा करणार, त्यामुळं जोड कच्चा राहिला तर चालतंय असं कुणी म्हणू शकणार नाही.

उंची १.८ मीटर, वरची फ्रेम १.२ बाय १.२ मीटर. पाय आणि फ्रेम ५० बाय ५० बाय ६ मिमीच्या अँगलची, क्रॉसला (पायांमधल्या आधाराला) ४० बाय ५ ची पट्टी, पायाखाली १५० बाय १५० ची ८ मिमी प्लेट. ड्रॉइंग सिव्हिलच्या मॅडमकडनं तपासून घेतलं, त्यांनी वरच्या फ्रेममधे दोन आडवे अँगल वाढवायला लावले आणि पायाचं काँक्रीट त्यांच्या मुलांकडनं करून द्यायचं कबूल केलं. कुणी असं काम काढणार असेल तर ही पायरी गाळू नका. जोड मजबूत करणं आपल्या हातात आहे पण अँगल किती जाड पाहिजे हे अंदाजानं ठरवायचं काम नाही.

१८ जून

रॉडला अजून कुणी हात लावलेला नाही. मार्किंग, सेंटर पंच, हॅकसॉ, कानस, गुण्या एवढंच. पोरं वैतागलीत. सर वेल्डिंग कधी, सर वेल्डिंग कधी. पण ५० बाय ६ ची पट्टी हातानं सरळ कापता आली नाही तर पुढं फट पडते, आणि फट भरायला मग जे उद्योग होतात ते मी बाहेरच्या शॉपमधे भरपूर बघितलेत.

प्रॅक्टिससाठी पट्टी नवी घेतली नाही, भंगारवाल्याकडनं ४२ रुपये किलोनं ६० किलो तुकडे आणले. त्यात रंगवलेले आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) असे दोन्ही निघाले. जीआयचे सगळे बाजूला काढले, त्यावरचं जस्त जळलं की पांढरा धूर येतो आणि तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. मुलांना तुकडे ओळखायलाच एक तास दिला, ग्राइंडरनं कोपरा घासून वगैरे. तो तास वाया गेला असं मला वाटत नाही.

२० जून

ग्राइंडरचा दिवस. स्टोअरमधनं कटिंग व्हीलचा बॉक्स आला, मधल्या लोखंडी रिंगवर तारीख छापलेली असते ती बघितली तर मुदत संपलेली. पूर्ण बॉक्स बाद केला. स्टोअरवाले म्हणाले न वापरलेल्या आहेत की. डिस्क न वापरता नुसती पडून राहिली तरी तिच्यातला बाइंडर कमजोर होतो, आणि ४ इंची ग्राइंडर मिनिटाला दहा हजाराच्या वर फिरतो, त्या स्पीडला तुकडा उडाला तर डोळा गेला. नवीन डिस्क आणल्या. गार्ड काढलेला ग्राइंडर कुणाच्या हातात दिसला तर त्याचं त्या दिवसाचं प्रॅक्टिकल बंद. एकानं कटिंग व्हीलच्या बाजूनं घासायला सुरुवात केली होती, थांबवून दाखवलं की ही डिस्क फक्त कडेवर चालते, बाजूनं दाब आला की मोडते.

२४ जून

पहिल्यांदा आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत. रॉड ६०१३ नंबरचा, ३.१५ मिमी. सगळ्यांचे रॉड चिकटतायत. पहिल्या दिवशी ते होणारच, पण जे तिघं आधी केलेले त्यांचेही चिकटायला लागले तेव्हा शंका आली. मशीनवर ११० अँपिअर दिसतंय आणि आर्क मात्र मेल्यासारखा. चालू लोडवर मल्टिमीटर लावून बघितलं तर मशीनच्या प्लगला व्होल्टेज १९० च्या खाली. एक्स्टेन्शन बोर्ड दीड स्क्वेअर एमएमच्या वायरचा, त्यात लांब, आणि वायर रीळावरच गुंडाळून ठेवलेली. रीळ हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं आणि आतल्या थरांचं इन्सुलेशन मऊ पडलं होतं. अजून तासभर चाललं असतं तर शॉर्ट झालं असतं.

अर्धा दिवस गेला. ४ स्क्वेअरची तीन कोअर केबल मागवलीय, त्याला ६,२०० रुपये लागले, हा खर्च बजेटमधे नव्हता. नवशिक्याचा रॉड चिकटत असेल तर त्याच्या हाताला बोलण्याआधी चालू लोडवर व्होल्टेज मोजा, आणि केबल जमिनीवर पूर्ण मोकळी सोडा.

२७ जून

केबल आली, फरक लगेच कळला. आता पट्टीवर सरळ रन. खडूनं पट्टीवर खुणा करून देतोय, एका रॉडमधे साधारण २०० ते २५० मिमी रन बसला पाहिजे. त्याच्या आधी रॉड संपला तर तू हळू चाललायस, खूण ओलांडून गेलास तर पळतोयस. वेग तोंडानं सांगून कळत नाही, खुणेनं कळतो.

दुसरं एक सारखं सांगावं लागतंय, आर्ककडं बघू नका, आर्कच्या मागं जे वितळलेलं लोखंड गोळा होतं त्याच्याकडं बघा. ते गोल झालं की पुढं सरका. काही जणांना स्लॅग (रॉडच्या कोटिंगचा वितळलेला मळ) आणि लोखंड यातला फरकच दिसत नव्हता. त्यांना माझ्याशेजारी काळ्या काचेची स्क्रीन घेऊन बसवलं आणि मी रन मारताना बोलत राहिलो, हे चकाकतंय ते लोखंड, त्याच्यावरनं सरकतंय ते स्लॅग. एकेकाजवळ असं बसावं लागतं, १८ जणांना पूर्ण दिवस गेला. हे काम फळ्यावर होत नाही.

१ जुलै

टी जॉइंट, म्हणजे एका पट्टीवर दुसरी उभी जोडायची. आणि आजपासून नियम, रोजचा प्रत्येकाचा पहिला टी फोडायचा. एकाच बाजूनं वेल्ड करायचं, व्हाइसमधे धरायचं, उभ्या पट्टीला हातोडीनं वेल्डच्या बाजूला पाडायचं म्हणजे मूळ उघडतं.

आज जवळजवळ सगळेच दोन-तीन घावात निघाले. वरनं बघितलं तर काही रन खरंच देखणे होते. फोडल्यावर आत मुळाशी काळी स्लॅगची रेघ लांबच्या लांब, आणि उभ्या पट्टीची कापलेली कड जशीच्या तशी, वितळलेलीच नाही. एक मुलगी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत होती, म्हणाली सर हे चिकटलंच नव्हतं की, नुसतं वर ठेवलं होतं. तिनं जे बघितलं तेवढंच मला या आठवड्यात शिकवायचं होतं.

कारणं शोधली तेव्हा तीन निघाली. करंट ९५ ठेवला होता, ६ मिमीच्या टीला तो कमी पडतो, कारण उष्णता दोन्ही पट्ट्यांत पळते. १२० वर नेला. आर्क लांब धरत होते, तो रॉडच्या जाडीएवढाच पाहिजे. आणि रॉडचा कोन, बहुतेकांचा रॉड उभ्या पट्टीकडं झुकलेला, ४५ अंशावर पाहिजे. एकावेळी एकच गोष्ट बदलून परत फोडायला लावलं, नाहीतर कशानं सुधारलं ते त्यांना कळलं नसतं.

३ जुलै

फोडलेले तुकडे टाकून देत नाही. भिंतीवर प्लायचा बोर्ड लावलाय, प्रत्येक तुकडा तारेनं टांगायचा, शेजारी खडूनं करंट आणि काय चुकलं ते लिहायचं. नाव लिहायचं नाही. नाव असलं की पोरं चांगलाच तुकडा लावतात आणि वाईट लपवतात.

८ जुलै

पाऊस लागून राहिलाय. रन एकदम बिघडले, वर बारीक भोकं, आर्क फडफडतोय, ज्यांचं जमलं होतं त्यांचंही बिघडलं. रॉडचं पाकीट उघडं राहिलं होतं, कोटिंग ओल धरून बसलं होतं. ओव्हन आपल्याकडं नाही. जुन्या पत्र्याच्या पेटीत १०० वॅटचा पिवळा बल्ब बसवला, मधे जाळी टाकली, रॉड रात्रभर त्यात. ६०१३ साठी एवढं पुरतं, दुसऱ्या दिवशी फरक पडला. पण ७०१८ सारख्या लो हायड्रोजन रॉडला हे चालणार नाही, त्याला खरा ओव्हन आणि २५० अंशाच्या वर तापमान लागतं, बल्बच्या पेटीवर भरवसा ठेवून कुणी ते रॉड वापरू नका.

ओल्या दिवसात शॉकचीही भीती. वेल्डिंग चालू नसताना होल्डरला ६० ते ८० व्होल्ट असतात, कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत, घामानं भिजलेल्या हातमोज्याला जाणवतात. प्रत्येक बूथखाली लाकडी फळी टाकली आणि हातमोज्यांचे जास्तीचे जोड आणले.

११ जुलै

बेंदराच्या सणामुळं हजेरी निम्मी. जे आले त्यांच्यातल्या एकाचे डोळे रात्री आले. हा वेल्डिंग करतच नव्हता, शेजारच्या टेबलावर कानशीनं घासत होता आणि बाजूनं सारखा आर्क बघत होता. दिवसभर काही नाही, रात्री अकराला हॉस्टेलवरनं फोन, डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतंय, पाणी थांबत नाही. रूममधल्यांनी बटाट्याचे काप ठेवले होते. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी ड्रॉप दिले आणि अंधारात पडून राहायला सांगितलं. दोन दिवसात बरा झाला.

बूथना मधे काहीच आडोसा नव्हता हे खरं कारण. पत्र्याची पार्टिशन उभी केली आणि त्यांना राखाडी मॅट रंग दिला, चकचकीत पत्र्यावरनं उजेड परत फिरतो. आर्क पाडायच्या आधी मोठ्यानं ‘आर्क’ म्हणायचं आणि शेजारच्यानं मान फिरवायची. काळ्या काचा तपासल्या, ११ नंबर पाहिजे, दोन स्क्रीनमधे काचेला तडा होता, त्या बदलल्या.

१५ जुलै

उभं वेल्डिंग. स्टँडचे पाय आणि क्रॉस यांचे बरेच जोड उभेच येणार. एका मुलाच्या चुलत्याचं ग्रिलचं शॉप आहे, तो सुट्टीत तिथं काम करतो, त्यानं रॉड वरनं खाली ओढून असा सुंदर सरळ रन मारला की बाकीचे कौतुकानं बघत राहिले. सगळ्यांना तसंच करायचं होतं. मी काही बोललो नाही, फोड म्हणलं.

एका घावात निघाला. आत दोन्ही बाजूंनी कड कोरी. तो खरंच नाराज झाला, म्हणाला सर आमच्या शॉपमधे सगळी ग्रिल अशीच होतात आणि एकही पडलेली नाही. बरोबर आहे त्याचं. ग्रिलच्या पातळ चौकोनी पाइपला तेवढं पुरतं, उलट खालनं वर गेला तर पाइपला भोक पडेल. पण ६ मिमीच्या अँगलला हा रॉड खाली ओढला की स्लॅग लोखंडाच्या पुढं पळतं आणि आपण स्लॅगवरच रन मारतो. त्याला दोन तुकडे दिले, एक वरनं खाली, एक खालनं वर, दोन्ही स्वतः फोड. दुसरा वाकला पण सुटला नाही. मग तोच बाकीच्यांना दाखवायला लागला. बाहेर शिकून आलेल्या पोराला चूक म्हणायची घाई करू नये असं मला वाटतं, त्याचा हात इतरांपेक्षा पुढंच असतो.

खालनं वर जाताना २.५ मिमी रॉड, ७५ ते ८० अँपिअर. त्रिकोणी हालचाल, दोन्ही कडांना क्षणभर थांबायचं आणि मधनं पटकन जायचं. मधे रेंगाळलं की पोट सुटतं आणि कडांना चर पडतात. याला ठरवल्यापेक्षा आठवडाभर जास्त गेला.

२५ जुलै

माल आला. अँगल ६ मीटरच्या चार लांब्या, १०८ किलो, ६२ रुपयांनी ६,७०० च्या आसपास. पट्टी २८ किलो, १,७५०. वरचा ३ मिमी पत्रा आणि बेसप्लेट मिळून ४० किलो, २,६४०. काट्यावर स्वतः उभं राहून वजन बघा आणि वजन घरी काढून बघायलाही शिकवा. ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, मुलांनी तोंडी हिशोब करून दुकानदाराचं बिल तपासलं.

२९ जुलै

वरची फ्रेम. ४५ चे कोपरे चॉप सॉवर कापले, सॉचा कोन अर्धा अंश सरकलेला होता, त्यामुळं चारही कोपऱ्यांत फट, एका ठिकाणी ५ मिमी. मी दुसऱ्या गटाकडं होतो तेवढ्यात त्या फटीत सळीचा तुकडा बसवून वरनं रन मारून, घासून, गुळगुळीत करून ठेवलं. बघून काही कळलं नसतं. चिपिंग हॅमरनं ठोकताना आवाज बदलला म्हणून डिस्कनं उघडलं तर आत सळी मोकळी.

रागावलो. पण खरं तर ते जे करत होते ते त्यांनी बाहेर बघितलेलं आहे, गावागावात अशाच फटी भरल्या जातात. कोपरा कापून काढला, चारही टोकं सॉ दुरुस्त करून परत कापली, प्रत्येक बाजू ४ मिमीनं कमी झाली, सगळ्यांची सारखीच कमी झाली म्हणून चाललं. एक दिवस आणि तीन डिस्क गेल्या. कापलेला कोपरा बोर्डवर टांगलाय.

१ ऑगस्ट

फ्रेम पूर्ण वेल्ड करून कर्ण मोजले, एक १,६९६ आणि दुसरा १,६८५. ११ मिमीचा फरक, म्हणजे चौकोन तिरका झाला. टाके (जोड तात्पुरता धरणारे छोटे वेल्ड) मारले तेव्हा दोन्ही सारखे होते. मग काय झालं, तर एका मुलानं पहिला कोपरा आतनं बाहेरनं सगळा पूर्ण केला आणि मग दुसऱ्यावर गेला. वेल्ड गार होताना आकसतं आणि अँगलला आपल्याकडं ओढतं.

दोन समोरासमोरचे कोपरे ग्राइंडरनं मोकळे केले, लांब कर्णाला क्लॅम्प लावून ओढला, परत टाके मारले. मग समोरासमोर, थोडा इकडं थोडा तिकडं, आणि मधे मधे कर्ण मोजायचा. आता फरक २ मिमी. टाक्याच्या लांबीबद्दल पण शिकलो, २० मिमीपेक्षा लहान टाका ५० च्या अँगलला धरून ठेवत नाही, तटकन तुटतो.

६ ऑगस्ट

वरचा पत्रा. प्लास्टिकच्या टाकीला खालनं सगळीकडं सपाट आधार लागतो, नुसत्या अँगलवर ठेवली तर बुड अँगलच्या मधे दबतं आणि तिथंच चिरतं, म्हणून पत्रा. पहिल्या बाजूला सलग रन मारला आणि पत्रा उन्हात टाकलेल्या पापडासारखा कडेनं उचलला गेला. तो रन कापून काढला. मग १५० मिमी सोडून २५ मिमीचे टाके, समोरासमोरच्या बाजूंनी, वरती वजनं ठेवून. सपाट बसला. मधे पाणी साचू नये म्हणून दोन भोकं पाडली.

१२ ऑगस्ट

चारही पाय, क्रॉस, बेसप्लेट झाल्या. टाकीच्या वजनाचे मुख्य जोड कुणी करायचे यासाठी नियम होता, ज्याचे लागोपाठ तीन टी न सुटता वाकले तोच. असे अकरा जण निघाले. बाकीचे सात क्रॉस, कटिंग, क्लीनिंगवर, त्यातले दोघं खूप हिरमुसले, त्यांना पुढच्या महिन्यात परत बसवणार आहे. पास करायचं म्हणून मुख्य जोडाला लावलं नाही.

बेसप्लेटच्या जोडांना डीपी टेस्ट (रंग झिरपवून चिरा शोधायची) केली. लाल पेनिट्रंट, पुसून मग पांढरा डेव्हलपर. एका पायाला रन जिथं संपतो तिथं लाल चांदणी उमटली, शेवटच्या खड्ड्यात चीर. रॉड झटक्यात उचलला की तसं होतं, शेवटी थोडं मागं येऊन खड्डा भरून मग उचलायचा. घासून परत भरला. पोरं त्या लाल रेघेचे फोटो काढत होती.

१८ ऑगस्ट

रेड ऑक्साइड मारला होता तो दोन ठिकाणी पापुद्रा होऊन निघाला. खाली स्लॅग आणि स्पॅटर (उडालेले लोखंडाचे थेंब) तसंच राहिलं होतं, त्यात पावसाळी हवा. वायर ब्रशनं परत साफ, परत एक हात, वर दोन हात एनॅमल. रंगाचे १,४०० झाले, त्यातले निम्मे या चुकीचे.

एक मुलगा विचारत होता सर हे सगळं कशाला, कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तर सीओटू गॅसचं वेल्डिंग मशीनच चालतंय. खरं आहे, आणि सीओटू पुढच्या टर्मला शिकवणारच. पण सीओटूत वायर आपोआप येते, रन दिसायला लगेच चांगला होतो आणि आत चिकटलं का नाही ते अजून लपतं. रॉडवर ज्यानं स्वतःचा जोड फोडून बघितलाय तो सीओटूच्या रनवर सहज विश्वास ठेवणार नाही. म्हणून आधी रॉड, यावर मी ठाम आहे.

२२ ऑगस्ट

स्टँड उभं केलं. ओळंबा लावला, चारही पाय बरोबर. रिकामी टाकी चढवून २५० लिटर, अर्धा तास थांबून ५००, मग ७५०, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्याला पत्र्याचा झोक आणि पायांचा ओळंबा मुलींच्या गटानं वहीत लिहिला. ५०० ला मागचा डावा पाय २ मिमी खाली गेला. सगळे घाबरले, जोड बघत सुटले. जोड ठीक होते. बेसप्लेटवर हातोडी मारली तर पोकळ आवाज, खालचा ग्राउट (सिमेंटचा भराव) एका कोपऱ्यात भरलाच नव्हता. टाकी रिकामी केली, सिव्हिलच्या मुलांनी नट सैल करून ग्राउट परत भरला.

२६ ऑगस्ट

परत भरली, रात्रभर पूर्ण ठेवली. सकाळी सगळी मापं कालचीच.

स्टँडच्या लोखंडाचे ११,०९०, रंग १,४००, रॉड प्रॅक्टिससकट ४,३००, डिस्क १,१५०. केबल आणि भंगाराची पट्टी वेगळी, ती पुढच्या बॅचलाही उपयोगी पडणार. बाहेरच्या फॅब्रिकेटरचं कोटेशन २४,००० होतं. वेळ मात्र ठरवल्याच्या जवळपास दीडपट, त्यातला सगळ्यात जास्त उभ्या वेल्डिंगला आणि फ्रेम परत करण्यात गेला. पुढच्या वेळी चॉप सॉचा कोन पहिल्याच दिवशी गुण्यानं तपासणार आणि बल्बची पेटी जूनच्या आधी तयार ठेवणार.

प्लंबर उद्या कनेक्शन देणार आहे. ओव्हरफ्लोचा पाइप पायांपासून लांब सोडायला सांगितलंय, नाहीतर रोज त्याच कोपऱ्यावर पाणी पडून बेसप्लेट गंजेल.